हात

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सुखदेव नंदेश्वर मनिलात अडकले.
बॅग चोरीला, पासपोर्ट हॉटेलवाल्याकडे,
चाळीस हजार, तातडीने,
आणि शेवटी: कृपया फोन करू नका.

आमच्या तारघराच्या ग्रुपवर आम्ही अठ्ठावीस जण.
कोणाचं पत्र आत घ्यायचं, कोणाचं दारात अडवायचं
हे खामल्यात, माझ्या जेवणाच्या टेबलावर ठरतं,
लोणच्याची बरणी जरा सरकवून.

‘प्रिय मित्रा’ अशी सुरुवात होती.
तिथेच कळलं.
नंदेश्वरांनी जन्मात कोणाला प्रिय म्हटलेलं नाही.
मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली तेव्हासुद्धा
वर एवढंच होतं: काऊन बे, येतं का नाही?

तारेच्या काळात नाव मागून यायचं,
हात आधी.
खटक्याचे पहिले दोन ठोके ऐकले की समजायचं
पलीकडे अकोला आहे का बल्लारशा,
आणि अकोल्यात आज पाळी कोणाची.
नंदेश्वरांची लांब खूण जास्तच लांब,
झोपेतून उठून आळस दिल्यासारखी.
डोंगरवार शेवटचं अक्षर गिळायचे.
मी चहा गार झाला की जोरात ठोकायची, म्हणे.

ह्या पत्राला हातच नव्हता.

सहा वाजता सगळ्यांना लिहिलं:
लिंक उघडू नका, उत्तर देऊ नका,
चोर उत्तराचीच वाट बघत बसलेला असतो.
मग नंदेश्वरांचं नाव निवडलं.
पडद्याने विचारलं, सदस्य काढून टाकायचा?
चौतीस वर्षं शेजारच्या स्टुलावर बसलेला माणूस.
हो दाबलं.

फोन लावला तर ते मानेवाड्यात,
गच्चीवर, कूलरचा पंप उघडून बसलेले.
‘मनिला? कोणच्या बाजूले येते थे?’

तासभर चाललं आमचं.
पासवर्ड म्हणजे जुन्या लुनाचा नंबर,
बँकेला तोच, विजेच्या बिलाला तोच.
तो बदलला. सगळीकडून बाहेर पडायला लावलं.
आणि एका कोपऱ्यात एक नियम सापडला,
त्यांनी कधी न केलेला:
येणारं प्रत्येक पत्र गुपचूप दुसऱ्या कोणाकडे.
‘म्हणजे माह्या बहिणीचे बी वाचले त्यानं?’
मी म्हटलं, वाचले असतील.
‘मंग त्याले तिच्या गुडघ्याचं बी मालूम.’

पंप सुरू झाल्याचा आवाज आला, बंद पडल्याचा आला.
मग विचारलं त्यांनी, सहज विचारावं तसं:
‘ढोमणे बाई, मी अडकलो होतो नं रातभर.
कोणी काही म्हटलं का?’

काय सांगणार.
चौघांनी लिहिलं होतं, काढा यांना.
एकाने जोडले हात.
बाकीचे झोपलेले, नाहीतर शहाणे.

डोंगरवारांनी मात्र पाच हजार पाठवले होते.
रात्री पावणेतीनला.
संपात नंदेश्वर आत गेले, डोंगरवार फाटकाशी उभे राहिले,
त्यानंतर दोघं एका टेबलावर जेवले नाहीत.
सेवानिवृत्तीच्या फोटोतसुद्धा मध्ये मला उभं केलंय.

डोंगरवारांना मी फोनवर समजावलं,
बँकेला कळवा, सायबरवाल्यांचा नंबर लिहून घ्या.
ते लिहीत नव्हते, ऐकू येत होतं.
‘गेले त गेले’, म्हणाले,
‘पण थो तिकडं नाही नं खरंच?’

दुपारी नंदेश्वर परत आले, नव्या पासवर्डाने.
पहिलंच पत्र माझ्या मंजुरीसाठी थांबलेलं,
डोंगरवारांच्या नावाने, सगळ्यांसमोर:
काऊन बे, पाचच?
मले वाटलं माहा भाव जास्त असन.

ग्रुपचा नियम, मीच केलेला:
खाजगी मजकूर चालणार नाही.
एका बोटाने, नंदेश्वरांच्या लांब खुणेइतका वेळ लावून
मंजूर दाबलं.

खाली रांगेत आणखी एक होतं,
कुठल्याशा लॉटरीत मला जिंकवणारं.
ते तसंच ठेवून
कूलरमध्ये पाणी घालायला उठले.